जिवंत झरा

विहीर खणताना कातळ फुटून पाणी वर आले की आपल्याकडे म्हणतात, 'जिवंत झरा लागला'. चैत्र-वैशाखात आटतो तो झरा मेलेला, बारमाही वाहतो तो जिवंत, एवढाच या विशेषणाचा व्यवहारातला अर्थ. शब्दशक्ती शिकवताना लक्षणेचे उदाहरण म्हणून हा शब्दप्रयोग मला फार सोयीचा वाटत आला आहे. झऱ्याला जीव नसतो, म्हणजे वाच्यार्थाला बाध आला. मग लक्ष्यार्थ घ्यायचा, 'न आटणारा'. पाटणपासून जतपर्यंतच्या गावांतून आलेल्या मुलांना विहीर, झरा, पाणाड्या हे सारे घरचेच असते, त्यामुळे उदाहरण चटकन पोचते. प्रस्तुत लेखात मात्र लक्ष्यार्थ थोडा वेळ बाजूला ठेवून वाच्यार्थाकडेच पाहायचे आहे. झऱ्यात खरोखर जीव असतो काय, आणि असला तर तो कोणाचा?

हा प्रश्न सर्वांत ठळकपणे उभा राहतो तो गरम पाण्याच्या झऱ्यापाशी. अशा झऱ्याला मराठीत 'उन्हाळे' असा नेमका शब्द आहे. संस्कृत 'उष्ण', प्राकृत 'उण्ह', मराठी 'ऊन' ही साखळी भाषेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतेच. मौज अशी की ही साखळी आपल्या नकाशावरही उमटलेली आहे. दापोली तालुक्यातले उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे, पालीजवळचे उन्हेरे, जळगाव जिल्ह्यात अडावदजवळचे उनपदेव, किनवटजवळचे उनकेश्वर. पाण्याचा गुण गावाच्या आणि देवाच्या नावात मुरलेला. गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या सुमारे तीनशे किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्ट्यात ही उन्हाळी एका माळेत ओवल्यासारखी आहेत. आम्हा सातारा-सांगलीकरांना ती पाहायची तर घाट उतरावा लागतो.

माझी आजी हा घाट दरवर्षी उतरत असे. पौष सरला, थंडीने गुडघे धरले, की ती पाटणहून एस.टी.ने निघे, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि तिथून गोव्याच्या रस्त्याने तुरळ. तुरळचे पाणी उगमापाशी साठ अंशांच्या आसपास असते. हात घालवत नाही. कुंडात ते थोडे निवल्यावर बायका पाय सोडून बसत. आजी तीन दिवस राही आणि परतताना एका बाटलीत ते पाणी घेऊन येई. बाटलीतले पाणी अर्थात पाटणला येईपर्यंत थंड झालेले असे. घरातली शिकलेली माणसे तिची थट्टा करीत, की चुलीवर हंडा चढवला असता तर तिकिटाचे पैसे वाचले असते. ती शांतपणे म्हणे, "निस्तं गरम न्हाई त्ये. त्या पान्यात जीव हाय."

त्या पाण्याने तिच्या गुडघ्यांना किती गुण आला, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मत देण्याचा माझा अधिकार नाही. ऊब मिळाली, तीन दिवस रानातून आणि स्वयंपाकघरातून सुटका झाली, बरोबरीच्या बायका भेटल्या. यातले काहीही औषधाहून कमी नव्हे. मला रस आहे तो तिच्या दुसऱ्या वाक्यात.

पाणी गरम होते ते कशाने? कोकणात जिवंत ज्वालामुखी नाही. सह्याद्रीवर पडलेले पावसाचे पाणी खडकांतल्या भेगांमधून खाली मुरत जाते. जितके खोल जावे तितका खडक उष्ण, हा पृथ्वीचा सर्वत्र आढळणारा गुण आहे. तिथे तापलेले, क्षार विरघळवून घेतलेले हे पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेतून पुन्हा वर येते. म्हणजे उन्हाळे हा खोलवरचा निरोप आहे. आपल्या डोळ्यांना कधी दिसणार नाही अशा जागेला स्पर्श करून ते पाणी आलेले असते.

अशा पाण्यात जीव तग धरणार नाही असे दीर्घकाळ मानले जात होते. ताप हा शुद्धीचा मार्ग आहे, हे आपल्या स्वयंपाकघराला पूर्वीपासून माहीत. दूध उतू जाईपर्यंत तापवायचे ते त्यासाठीच. पण अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या गरम झऱ्यांपाशी १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ठाण मांडून बसले. झऱ्याच्या मुखापासून वाहत जाणाऱ्या पाटात रंगांचे पट्टे होते, गुलाबी, पिवळे, नारिंगी, हिरवे. ते रंग निव्वळ क्षारांचे नसून त्यांत सजीवांचा मोठा वाटा आहे, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. १९६९ मध्ये ब्रॉक आणि त्यांचे विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी सत्तर अंशांच्या सुमाराला सुखाने वाढणाऱ्या एका जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला नाव दिले 'थर्मस ॲक्वाटिकस'. आजीची थर्मासची बाटली आठवून मला या नावाचे उगीचच हसू आले होते.

पुढची कथा अनेकांना ठाऊक असेल. एका डीएनए रेणूच्या कोट्यवधी प्रती काढण्याची युक्ती कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचली. तीत मिश्रण दर फेरीत पंचाण्णव अंशांपर्यंत तापवावे लागते, म्हणजे डीएनएचे दोन पदर सुटे होतात. मग ते निववून प्रत काढायची, पुन्हा तापवायचे. प्रत काढणारे नेहमीचे विकर एवढ्या उष्णतेत पहिल्याच फेरीत नासून जाते. थर्मस ॲक्वाटिकसचे विकर नासत नाही, कारण त्याचे सारे आयुष्यच तापलेल्या पाण्यातले. म्युलिस यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. २०२० आणि २०२१ मध्ये आपण सगळे ज्या आरटीपीसीआर अहवालाची वाट पाहत जागत होतो, ती चाचणी याच तत्त्वावर उभी होती. साताऱ्यात आणि सांगलीत त्या दोन वर्षांत असे घर क्वचितच असेल, ज्याने तो कागद थरथरत्या हाताने उघडला नाही. एका जंतूची चाहूल लागावी म्हणून आपण दुसऱ्या जंतूकडून मिळालेले हत्यार वापरत होतो, ही गोष्ट तेव्हा फारशी कोणाच्या ध्यानात आली नसावी.

इथे 'जंतू' या शब्दापाशी थांबले पाहिजे. भाषाविज्ञानात 'अर्थसंकोच' शिकवताना जी उदाहरणे देतात त्यांत हा शब्द हमखास बसावा. 'जन्' धातूपासून आलेला 'जंतु' म्हणजे जे जन्मले ते, कोणताही प्राणी, माणूससुद्धा. जुन्या ग्रंथांत तो याच ऐसपैस अर्थाने येतो. आजच्या मराठीत जंतू म्हणजे रोगाचे कारण. आणि जंतूविषयीचे एकच क्रियापद उरले आहे, मारणे. साबण, फिनेल, दंतमंजन, सगळ्यांच्या जाहिरातींत तेच. सजीवांच्या एवढ्या प्रचंड राज्याचा सगळा कारभार आपण एका शत्रुवाचक शब्दात कोंबला.

आणि तरीही मराठी घराला जिवाणूंशी मैत्री कशी करावी हे कोणी शिकवावे लागले नाही. 'विरजण' हा शब्द पाहा. आदल्या दिवशीच्या दह्याचा चमचाभर भाग, कोमट दुधात. दूध फार गरम असेल तर विरजण मरते, फार गार असेल तर लागत नाही. 'लागते' आणि 'मरते' ही क्रियापदे आपण सजीवालाच लावतो. शेजारणीकडे विरजण मागायला जाणे म्हणजे एका वसाहतीचा अंश वाटीतून घरी आणणे, ही गोष्ट आजीला सूक्ष्मदर्शकावाचून कळत होती. बोटाने दुधाची ऊब पाहून ती त्या वसाहतीचा निर्वाह करत होती. २०१२ मध्ये हैदराबादला जैवविविधतेची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तेव्हा भारताने आपला 'राष्ट्रीय सूक्ष्मजीव' जाहीर केला, तो दह्यातलाच एक जिवाणू. वाघ, मोर आणि कमळाच्या पंक्तीला विरजण बसले याची मराठी वर्तमानपत्रांनी अधिक खुशाली घ्यायला हवी होती.

उन्हाळ्यातला संसार मात्र विरजणापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा. कुंडातून बाहेर पडणाऱ्या पाटाच्या कडेला जो बुळबुळीत जाड थर दिसतो, त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. बारकाईने कापून पाहिले तर ती अनेक पदरी गोधडी असते. सर्वांत वर हिरवे, उन्हावर जगणारे नीलहरित जिवाणू. साधारण त्र्याहत्तर अंशांपर्यंतच ते टिकतात, त्याहून तापलेल्या मुखाशी त्यांना स्थान नाही. त्यांच्याखाली प्रकाशाचा उरलासुरला अंश वापरणारे, पण प्राणवायू न सोडणारे. त्याखाली वरच्यांचे मेलेले अवशेष कुजवणारे. आणि तळाशी, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे गंधकाच्या संयुगांवर श्वास चालवणारे. काही उन्हाळ्यांपाशी सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, त्यात या तळच्या रहिवाशांचा हात असू शकतो. त्यांनी सोडलेला वायू वरच्या काहींचे अन्न होतो. वरच्यांचा कचरा खालच्यांचे जेवण. रात्री प्रकाश गेला की गोधडीतला प्राणवायू संपतो आणि काही जिवाणू सरकत सरकत पदर बदलतात. पाट जसजसा निवत जातो तसतशी वस्ती बदलते; मडक्यांच्या उतरंडीसारखी तापमानाची उतरंड, आणि दर मडक्यात निराळे कूळ.

हे वाचताना गावगाड्याची आठवण होणे साहजिक आहे. एकाचे काम दुसऱ्याच्या कामावर अवलंबून, कोणीच स्वयंपूर्ण नाही. पण बलुतेदारीची उपमा द्यायला लेखणी धजत नाही. गावगाड्यात काम जन्माने चिकटत असे आणि मान त्यावरून ठरत असे. तळाचा माणूस तळालाच राहावा अशी त्याची रचना होती. गोधडीच्या तळाशी असलेला जिवाणू कनिष्ठ नाही. तिथे प्राणवायू नाही म्हणूनच तो तिथे सुखी आहे. निसर्गातून समाजाला दाखले देण्याची आपली सवय जुनी आहे, आणि तिने पुष्कळदा अन्यायाला नैसर्गिक ठरवण्याचेच काम केले आहे. तेव्हा उपमा न देता नुसते पाहावे हे बरे.

पाहण्याची साधनेही आता बदलली आहेत. पूर्वी जिवाणू ओळखायचा तर तो बशीत वाढवावा लागे, आणि बहुतेक जिवाणू बशीत वाढायला नकार देतात; शेजाऱ्यांवाचून त्यांना जगताच येत नाही. आता पाण्यातला सगळा डीएनए एकत्रच काढून वाचता येतो आणि कोण कोण राहते त्याची खानेसुमारी करता येते. आपल्याकडे उनकेश्वरच्या पाण्याचा असा अभ्यास गेल्या दशकात झाला. जून २०२० मध्ये लोणारचे खारे सरोवर एकाएकी गुलाबी झाले तेव्हा ज्यांना तो चमत्कार वाटला त्यांनाही पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतून उत्तर मिळाले, की वाढलेल्या खारटपणात मीठप्रेमी सूक्ष्मजीवांची संख्या वाढली आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगले.

इथवर गोष्ट घाटाखालची आणि दूरदेशीची झाली. आमच्या स्वतःच्या भूमीखाली काय आहे, हा प्रश्न आमच्या घरात फार वेगळ्या अर्थाने विचारला जात असे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साडेचार वाजण्याच्या थोडे आधी, कोयनेचा भूकंप झाला. त्याची तीव्रता सहाच्या वर होती. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, आणि पाटण तालुक्यात दगडमातीचे घर धड राहिले असे गाव विरळा. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, पण मी त्या भूकंपातच वाढले असे म्हटले तरी चालेल. आजी त्यानंतर कधीही छपराखाली गाढ झोपली नाही. पावसाळा सोडला तर तिचे अंथरूण अंगणात. रात्री भांडी वाजली की ती उठून बसे, जमिनीवर तळहात टेकवी आणि थोडा वेळ तशीच राही. तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तो हात असे. कोयना-वारणा पट्ट्यात त्यानंतरही हजारो लहानमोठे धक्के बसले, पाचाच्या वरचेही वीसेक. शिराळ्याच्या बाजूला, वारणेच्या चांदोली धरणाच्या परिसरातही तीच कथा, त्यामुळे साताऱ्याच्या पाटणकरांना आणि सांगलीच्या शिराळकरांना जोडणारा हा एक अदृश्य सोयरसंबंध आहे. भूमीला आपण आई म्हणतो. आजी तिला आई म्हणत असे, पण तिच्यावर विश्वास ठेवत नसे. जमिनीखाली कोणी असेल तर ते आपल्या वाईटावरच असणार, अशी तिची पक्की समजूत होती.

धरणाच्या जलाशयाशी निगडित भूकंपांचे कोयना हे जगातले सर्वांत ठळक उदाहरण मानतात. हे धक्के जिथे जन्मतात त्या खोलीपर्यंत प्रत्यक्ष उतरून पाहावे, या हेतूने केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने या भागात खोल छिद्रे पाडण्याचे काम हाती घेतले आणि त्यासाठी कराडजवळ हजारमाचीला प्रयोगशाळा उभारली. आधी दीड किलोमीटरपर्यंतची काही छिद्रे झाली. मग डिसेंबर २०१६ ते जून २०१७ या काळात कोयना परिसरातल्या गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. आपल्या शेतात दोनशे फुटांवर बोअर कोरडी गेली म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या माणसाने या आकड्याची कल्पना करून पाहावी. वरचा सव्वा किलोमीटर तो आपला ओळखीचा काळा कातळ, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. त्याच्याखाली एकदम ग्रॅनाइटाच्या जातीचा खडक, अडीचशे कोटी वर्षांहून जुना.

या छिद्रांतून वर आलेला खडक आणि पाणी केवळ भूकंपशास्त्रज्ञांकडे गेले नाही. खरगपूरच्या आयआयटीतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनीही त्यांचे नमुने घेतले. खडकाच्या नळकांड्याचा बाहेरचा भाग तासून टाकायचा, कारण त्याला यंत्राच्या पाण्यातले जंतू चिकटलेले असणार. आतला गाभा निर्जंतुक हत्यारांनी फोडायचा आणि त्यात काय आहे ते पाहायचे. २०१८ पासून त्यांचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले. काळ्या कातळातही आणि खालच्या ग्रॅनाइटातही जिवाणूंचे समुदाय होते. संख्येने विरळ, पण होते. सूर्य नाही, वाळलेले पानही नाही, प्राणवायू जवळजवळ नाही. आणि तरी लोह, गंधक, हायड्रोजन, मिथेन यांच्या देवघेवीवर जगू शकणारे संसार तिथे आहेत. 'जळी-स्थळी-काष्ठी-पाषाणी' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. त्यातले 'पाषाणी' इतके शब्दशः खरे असेल असे कोणाला वाटले होते?

म्हणजे आमच्याकडे उन्हाळे नाही असे म्हणताना एक दुरुस्ती करायला हवी. ते आहे, फक्त उघडे नाही. खोलीबरोबर खडक तापत जातो, भेगांतले पाणीही तापते. कोकणात त्याला वाट सापडते, आमच्याकडे ते सव्वा किलोमीटरच्या कातळाखाली झाकलेले राहते. झाकणाखाली वस्ती आहेच.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीच्या पोटातली ही कोठारे. वरून तोंड बंद केले की आत कीड लागत नाही, कारण आतला प्राणवायू संपतो. २००५ च्या महापुरात त्यांतल्या पुष्कळांत पाणी शिरले. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही. आधी दिवा सोडून पाहतात. दिवा विझला तर थांबायचे. जिथे ज्योत जगत नाही तिथे जीव जगत नाही, हा या परीक्षेमागचा ठोकताळा माणसापुरता अगदी खरा आहे. पण पृथ्वीच्या पेवात जे राहतात त्यांच्यासाठी ज्योत हेच विष आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोलीवर, साठ अंशांच्या पाण्यात, एकाच जातीच्या जिवाणूची जवळजवळ निर्भेळ वस्ती सापडली. त्याची जनुकीय संहिता २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तो आपले सगळे अन्न स्वतः बनवतो, आणि त्याची ऊर्जा येते किरणोत्सारी खडकाने पाणी फुटून निघालेल्या हायड्रोजनातून. त्याच्या नावात 'धाडसी प्रवासी' अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत आणि ते ज्यूल व्हर्न यांच्या पृथ्वीच्या गाभ्याकडे जाणाऱ्या प्रवासाच्या कादंबरीतून घेतले आहेत. शास्त्रज्ञांना नाव ठेवताना साहित्याकडे यावे लागले, याचा आम्हा भाषेच्या लोकांना थोडा आनंद होणारच.

पण खरा धक्का मला पुढच्या एका माहितीने दिला. खडक चिरडला जातो, त्याचे ताजे पृष्ठभाग पाण्याला भिडतात, तेव्हा हायड्रोजन सुटतो, हे प्रयोगशाळांत दाखवून दिलेले आहे. भूकंपात प्रस्तरभंगाच्या पृष्ठभागांवर नेमके हेच होते. कोयनेच्या पोटातही असे घडत असावे, ही शक्यता दूरची नाही. म्हणजे ज्या हालचालीने माझ्या आजीची झोप कायमची नेली, तीच हालचाल खाली कोणाचे तरी ताट वाढत असेल.

हे कळल्यावर दिलासा मिळाला असे म्हणणे खोटे होईल. १९६७ मध्ये गेलेल्या माणसांचा हिशेब अशाने चुकता होत नाही, आणि भूमीच्या पोटात चाललेल्या कोणत्याही संसाराला आपल्या सुखदुःखाशी कर्तव्य नाही. पण वैर आणि बेपर्वाई यांत फरक आहे. आजीने आयुष्यभर जमिनीखाली एक वैरी कल्पिला होता. तिथे वैरी नव्हता. तिथे फार जुने, फार सावकाश जगणारे रहिवासी होते, ज्यांच्या पेशी दुभंगायला काही ठिकाणी वर्षे, काही ठिकाणी शतकेही लागत असतील, आणि ज्यांना आपण वर घरे बांधली आहेत याचा पत्ताही नाही. ज्याच्याशी वैर नाही त्याच्याविषयी कुतूहल बाळगता येते. भीती संपत नाही, पण तिच्या शेजारी कुतूहलाला बसायला जागा होते.

आणि रहिवासी म्हटले की त्यांच्या हक्काची गोष्ट येते. 'इथे कोणी राहत नाही' हे वाक्य धरणांच्या आणि विस्थापनाच्या या मुलखात तरी जपून वापरावे. ज्याची नोंद नाही तो नाहीच, असे आपण किती सहज धरून चालतो. काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका उन्हाळ्यापाशी गेले असता पाटाची स्वच्छता चालली होती. तारेच्या ब्रशने ती अनेक पदरी गोधडी खरवडून, वर ब्लीचिंग पावडर टाकून, पाट पांढराशुभ्र केला जात होता. काम करणारी माणसे मनापासून करत होती. भाविक घसरून पडू नयेत ही त्यांची काळजी योग्यच होती. कुंड स्वच्छ असलेच पाहिजे. गरम पाण्यात वाढणारे सगळेच निरुपद्रवी असतात असेही नाही, त्यामुळे जखम उघडी असताना किंवा नाकात पाणी घेऊन तिथे स्नान करू नये, हेही सांगायला हवे. पण माणसे कुंडात उतरतात, पाटात नाही. कुंड धुवावे आणि पुढचा पाट आहे तसा वाहू द्यावा, फरशी आणि सिमेंट मुखापर्यंत नेऊ नये, साबणाचे पाणी निराळ्या वाटेने काढावे, इतके तर सहज होण्यासारखे आहे. यासाठी निधी लागत नाही, फक्त त्या थराला घाण न म्हणणारा एक शब्द लागतो.

कायद्याने तो शब्द दिलेलाही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात जैविक संसाधनांच्या व्याख्येत वनस्पती आणि प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवही आहेत. त्या कायद्याखाली प्रत्येक गावाने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. तीत आंबा येतो, गाय येते, बिबट्या येतो. उन्हाळे असलेल्या गावाने 'पाटातली हिरवी-नारिंगी गोधडी' एवढे चार शब्द लिहायला कोणाची हरकत असावी? यलोस्टोनच्या एका जिवाणूने जगाची वैद्यकी पालटली, हा दाखला देऊन उपयुक्ततेचा मुद्दा मांडता येईल, आणि अर्जविनंत्या करताना तो मांडावाच. मला व्यक्तिशः तो पुरेसा वाटत नाही. उपयोगी पडला म्हणून शेजारी ठरतो, अशा न्यायाने आपल्यातले किती जण शेजारी ठरतील? आपल्या आधी कितीतरी कोटी वर्षे तिथे राहत असणे, एवढे पुरे व्हावे.

आजी १९९८ मध्ये गेली. छिद्र, नळकांडे, डीएनए यांतले काही तिच्या कानावर आले नाही. हे सारे तिला सांगायची वेळ आली असती तर मी कुठून सुरुवात केली असती, याचा कधीकधी विचार करते. तिला खोली किती, वय किती यात रस वाटला नसता. आमच्या पंचक्रोशीत नव्या वस्तीची चौकशी पहिल्यांदा पोटापासून होते. ती म्हणाली असती, "आगं पर त्ये खात्यात काय?" दगड आणि पाणी, आजी, असे मी म्हणाले असते. त्यावर ती थोडा वेळ गप्प बसली असती. भूकंपानंतरचे पहिले काही आठवडे तिनेही काय खाऊन काढले होते, ते तिला ठाऊक होते.